डाय मेकर प्लांट हेड होऊ शकतो का?

या वेळचं पत्र चाकणहून, एका डाय मेकरकडून आलं आहे. डाय म्हणजे प्रेसमध्ये पत्रा कापून त्याला आकार देणारा साचा, आणि तो जिथे बनतो आणि दुरुस्त होतो ती टूलरूम. लांब आहे, म्हणून त्यातला महत्त्वाचा भाग तेवढा देते.

"मी मूळचा जत तालुक्यातला. दहावीनंतर आय.टी.आय.ला टूल अँड डाय मेकर केलं, मग पिंपरीत एका मोठ्या कंपनीत अप्रेंटिसशिप. तिथे कायम केलं नाही. भोसरीत छोट्या शॉपमध्ये सहा वर्षं काढली आणि गेली नऊ वर्षं चाकणला एका प्रेस शॉपमध्ये आहे. वय 36. टूलरूम इन्चार्ज आहे, हाताखाली 22 माणसं. डाय प्रेसवर चढली की आवाजावरून मला कळतं कुठे घासतंय. मालकांचा मुलगा आता कारभार बघतो. ते शिरवळला दुसरं युनिट टाकतायत. मागच्या महिन्यात मला म्हणाले, 'दोन वर्षांनी ते युनिट तुम्ही सांभाळाल का? विचार करून सांगा.' मी तिथल्या तिथे हो म्हणणार होतो. पण आमचे जी.एम. म्हणाले, 'आय.टी.आय.वाल्याला कस्टमर प्लांट हेड मानत नाही, आधी डिग्री घ्या.' माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान इंजिनिअर प्रॉडक्शन मॅनेजर आहे. मीटिंगमध्ये तो इंग्रजीत बोलतो, मी गप्प बसतो. बायको म्हणते, आहे ते चांगलं चाललंय, उगाच डोक्याला ताप कशाला. मला भीती वाटते ती वेगळीच. टूलरूम सुटली तर हात जाईल, आणि वरचं जमलं नाही तर मी ना इकडचा ना तिकडचा. खरं सांगा, आमच्यासारख्याला तिथवर जाता येतं का?"

नमस्कार,

जाता येतं. तुमच्या पत्रातलं एक वाक्य वाचून तर माझी खात्रीच झाली: आवाजावरून कळतं कुठे घासतंय. ज्याला मशीन असं ऐकता येतं त्याला कारखानाही ऐकता येईल. मात्र त्यासाठी तुम्हाला आजवर कोणी न दाखवलेल्या काही गोष्टी बघाव्या लागतील, आणि त्या डिग्रीच्या वर्गात फारशा भेटत नाहीत.

मी बरीच वर्षं ऑटो पार्ट्सच्या कारखान्यांत माणसं नेमण्याचं आणि वर चढवण्याचं काम केलं. टूलरूममधला, फाउंड्रीतला, वेल्डिंग शॉपमधला हुशार माणूस बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडतो. सुपरवायझर होतो, इन्चार्ज होतो आणि तिथे थांबतो. कारण विचारलं की सगळे शिक्षणाकडे बोट दाखवतात. मला त्याहून मोठं कारण दुसरंच दिसत आलं आहे. या माणसाला कंपनीचा पैसा कसा फिरतो हे कधी कोणी दाखवलेलंच नसतं. ड्रॉइंग त्याच्याकडे येतं, कोटेशन येत नाही. रिजेक्शन झालं की त्याला बोलावतात, पण त्या रिजेक्शनचे किती पैसे गेले हे अकाउंट्समध्येच राहतं. मग एक दिवस कोणीतरी विचारतं, युनिट सांभाळाल का, आणि त्याला वाटतं आपल्यात काहीतरी कमी आहे. कमी आहे ती माहिती, आणि ती दोन वर्षांत मिळवण्यासारखी आहे.

तुमच्याच कामातलं उदाहरण घेते. आकडे समजण्यापुरते माझे आहेत, तुमचे तुम्ही घाला. समजा 2 मि.मी. जाडीचा पत्रा आहे, पट्टीची रुंदी 110 मि.मी. आणि प्रोग्रेसिव्ह डायचा पिच, म्हणजे एका ठोक्याला पट्टी जेवढी पुढे सरकते ते अंतर, 62 मि.मी. एका पार्टला साधारण 107 ग्रॅम पत्रा जातो. दोन ब्लँकच्या, म्हणजे कापलेल्या तुकड्यांच्या, मध्ये सुटणारी पत्र्याची ब्रिज 5 मि.मी. ठेवली आहे. तुम्ही नवी डाय करताना म्हणता, या जाडीला 3 मि.मी. पुरे, पट्टी तुटणार नाही. पिच 60 वर येतो आणि पत्रा 103.6 ग्रॅमवर. म्हणजे पार्टमागे साडेतीन ग्रॅमच्या आसपास वाचले. पत्रा 65 रुपये किलो धरला आणि स्क्रॅप 30 रुपयांनी जातं असं धरलं, तर किलोमागे खरी बचत 35 रुपयांची. एका पार्टला 12 पैसे. टूलरूममध्ये या 12 पैशांकडे कोण बघणार? पण तो पार्ट वर्षाला 12 लाख जात असेल तर ते 1 लाख 45 हजार रुपये होतात, दरवर्षी, डाय चालते तोवर.

असं काम तुम्ही या नऊ वर्षांत कितीदा केलं असेल. कोणी मोजलं नाही, तुम्हीही मोजलं नाही. आता मोजा. एक वही करा आणि तुमच्या हातातून गेलेल्या प्रत्येक मोठ्या बदलाचा हिशेब तीत लिहा: आधी किती पत्रा लागत होता आणि आता किती, धार लावल्यावर डाय किती स्ट्रोक चालायची आणि आता किती चालते, बर (कापलेल्या कडेला राहणारी धारदार कोर) येतोय म्हणून किती पार्ट परत यायचे. शेजारी रुपये लिहा. पत्र्याचा आणि स्क्रॅपचा दर परचेसवाल्याला विचारा. तो कशाला हवाय म्हणेल, तर सांगा, हिशेब शिकतोय. बहुतेक जण आनंदाने सांगतात.

दुसरी पायरी थोडी अवघड आहे, आणि माझ्या मते तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची. डाय बदलायला किती वेळ लागतो याचा बँकेच्या व्याजाशी संबंध असतो, हे तुम्हाला कोणी सांगितलंय का? तुमच्या मोठ्या प्रेसवर डाय चेंजला तीन तास जात असतील, तर प्रॉडक्शनवाला ती डाय चढवली की पंधरा दिवसांचा माल एकदमच काढून ठेवणार. त्याचं चूक नाही, रोज तीन तास घालवणं त्याला परवडत नाही. पण तो माल बिनमध्ये पडून राहतो. पत्र्याचे पैसे देऊन झालेले असतात आणि कस्टमरकडून पैसे यायला अजून अवकाश असतो. मधले सगळे दिवस बँकेचं कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाचं कर्ज, चालू असतं. शॉपमध्ये असा दोन कोटींचा माल अडकला असेल आणि व्याज 10 टक्के असेल, तर वर्षाला 20 लाख रुपये नुसते पडून राहिलेल्या मालापायी जातात. डाय चेंज तीन तासांवरून अर्ध्या तासावर आणली तर लॉट लहान करता येतो, अडकलेला माल निम्म्यावर येऊ शकतो, आणि 10 लाख वाचतात. ही 10 लाखांची किल्ली फायनान्स मॅनेजरकडे नाही. क्लॅम्पची उंची सारखी करणं, शट हाइट (बंद डायची उंची) जुळवून ठेवणं, लोकेटिंग पिन, डायची ट्रॉली, पुढची डाय आधीच प्रेसजवळ आणून ठेवणं, हे सगळं टूलरूमचं काम आहे.

जपानमध्ये हे फार मोठ्या प्रमाणावर झालं. टोयोटाच्या एका 1000 टनी प्रेसवर डाय बदलायला चार तास लागायचे. शिगेओ शिंगो या जपानी इंजिनिअरने तिथल्या माणसांबरोबर काम करून तो वेळ आधी दीड तासावर आणला आणि नंतर तीन मिनिटांवर. 1970 च्या आसपासची ही गोष्ट. क्वालिटीच्या ट्रेनिंगमध्ये ती सगळीकडे शिकवतात, तुमच्याही कंपनीच्या भिंतीवर त्याचा तक्ता असेल. पण तो तक्ता आणि बँकेचं स्टेटमेंट शेजारी शेजारी ठेवून बघणारी माणसं कमी असतात. तशी नजर असलेल्यालाच मी प्लांट हेड म्हणते.

म्हणून मालकांच्या मुलाकडे जाऊन एक मागणी करा. 'शिरवळचं बघू, त्याआधी चाकणची एक लाइन मला हिशेबासकट द्या.' दोन किंवा तीन प्रेसची लाइन. तिचा पत्रा, वीज, माणसं, डाय मेंटेनन्स, रिजेक्शन, कस्टमरच्या डेबिट नोट आणि विक्री, सगळं महिन्याअखेरीस तुमच्यासमोर यायला हवं. नफा झाला की तोटा, याचं उत्तर तुम्ही द्यायचं. पहिले तीन-चार महिने आकडे डोक्यावरून जातील. घसारा म्हणजे काय, मशीन अवर रेटमध्ये शेडचं भाडं कसं धरतात, कस्टमर पोलादाचा दर तीन महिन्यांनी सेटल करतो तेव्हा मधल्या काळातला फरक कोण सोसतं, हे तुमच्या अकाउंटंटच्या टेबलाशी बसून विचारा. शनिवारी संध्याकाळी तासभर मिळाला तरी वर्षात तुम्ही खूप पुढे जाल.

तुम्ही विचारलंत, आमच्यासारख्याला जाता येतं का. वॉल्टर क्रायस्लर यांचं नाव गाडीवर वाचलं असेल. हा माणूस अमेरिकेत कॅन्ससमधल्या एलिस गावी रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये अप्रेंटिस होता. आधी झाडलोट करायचा तेव्हा तासाला 10 सेंट मिळायचे, अप्रेंटिस झाल्यावर 5 सेंट झाले, तरी त्याने अप्रेंटिसशिप घेतली. स्वतःची हत्यारं स्वतः बनवली. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये काम करता करता पोस्टाने येणाऱ्या कोर्समधून इंजिनिअरिंग शिकला. 1908 मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात एक मोटार आवडली, कर्ज काढून घेतली, घरी नेऊन आधी सगळी सुटी केली, परत जोडली, मग चालवायला शिकला. पुढे रेल्वेची इंजिनं बनवणारा एक तोट्यातला कारखाना त्याने फायद्यात आणला. नंतर ब्यूइक या मोटार कंपनीत जायची संधी आली तेव्हा वर्षाला 12 हजार डॉलरची नोकरी सोडून 6 हजारांवर गेला, कारण मोटारधंदा आतून बघायचा होता. 1916 मध्ये तो ब्यूइकचा प्रमुख झाला आणि 1925 मध्ये स्वतःच्या नावाची कंपनी काढली. तुम्ही पगार निम्मा घ्या असं मी मुळीच म्हणत नाही. आयुष्यात दोनदा त्याने पैशांपेक्षा काय शिकायला मिळेल ते बघितलं, एवढंच लक्षात घ्या.

सोइचिरो होंडा यांचंही तसंच. लोहाराचा मुलगा, 1922 मध्ये टोकियोच्या एका गॅरेजमध्ये अप्रेंटिस म्हणून लागला. पुढे पिस्टन रिंग बनवायला घेतल्या, त्या टिकेनात, कारण धातुशास्त्र येत नव्हतं. तिशीत असताना हामामात्सुच्या टेक्निकल शाळेत जाऊन बसला. प्रमाणपत्राच्या मागे लागला नाही, हवं ते शिकून आला. 1948 मध्ये होंडा मोटर सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी ताकेओ फुजिसावा त्याला येऊन मिळाले. विक्री आणि पैसा फुजिसावांनी सांभाळायचा, मशीन होंडांनी, असं ठरलं ते दोघं 1973 मध्ये एकदमच बाजूला होईपर्यंत चाललं. होंडांना हातातलं काम कधी सोडावं लागलं नाही, कारण दुसरी बाजू सांभाळणारा माणूस भरवशाचा होता. शिरवळला तुमचा फुजिसावा कोण असेल? अकाउंट्समधला की मार्केटिंगमधला? हा प्रश्न आतापासून डोक्यात असू द्या.

आता डिग्रीचं. जी.एम.साहेबांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. कस्टमरच्या ऑडिटमध्ये ऑर्गनायझेशन चार्ट बघतात, पात्रतेचा रकाना बघतात, आणि पुढे नोकरी बदलायची वेळ आली तर कागद लागतोच. पण डिग्रीपासून सुरुवात करू नका, डिप्लोमापासून करा. दोन वर्षांचा आय.टी.आय. केलेल्यांना महाराष्ट्रात डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, आणि एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेचे वर्ग चालवायला संस्थांना मुभा दिली आहे. तुमच्या पट्ट्यातल्या कोणत्या संस्थेला ती मान्यता आहे हे प्रवेशाच्या आधी स्वतः जाऊन बघा, एजंटच्या सांगण्यावर जाऊ नका. आणि एक गोष्ट कळकळीने सांगते: घरबसल्या पत्रद्वारा इंजिनिअरिंगची पदवी देतो म्हणणाऱ्यांच्या दारात जाऊ नका. नोव्हेंबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा पदव्यांबद्दल कडक निकाल दिला आणि अनेकांचे पैसे आणि वर्षं वाया गेली. तुमची अप्रेंटिसशिपची परीक्षा आणि राष्ट्रीय प्रमाणपत्र नीट असेल तर ते जपून ठेवा. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालचा तो कागद खरा आहे, त्याला कमी लेखू नका.

जर्मनीत कारागिराला माइस्टर, म्हणजे उस्ताद कारागीर, व्हायची ठरलेली पायरी आहे, आणि त्यांच्या पात्रतेच्या चौकटीत माइस्टर आणि बॅचलर पदवी एकाच पातळीवर ठेवली आहे. तिथला मोटार मेकॅनिकचा अप्रेंटिस युर्गेन श्रेम्प पुढे इंजिनिअर झाला आणि 1995 मध्ये डाइमलर-बेंझचा प्रमुख. आपल्याकडे ही शिडी मध्येच तुटते. आय.टी.आय.च्या पुढे कारागिराला कारागीर म्हणूनच वर नेणारी वाट फार अरुंद आहे, आणि याचा मला मनापासून राग येतो. देशातल्या कारखान्यांना डाय मेकर मिळत नाहीत म्हणून सगळे ओरडतात आणि मिळालेल्याला इन्चार्जच्या पुढे जाऊ देत नाहीत. ते बदलेल तेव्हा बदलेल. तुमच्याकडे दोन वर्षं आहेत, त्यात डिप्लोमा सुरू करा आणि लाइनचा हिशेब हातात घ्या. दोन्हींत निवडायची वेळ आली तर आधी हिशेब.

इंग्रजीचं थोडक्यात. बोलता येण्याआधी वाचता येऊ द्या. कस्टमरची मेल, कंट्रोल प्लॅन, एट-डी रिपोर्ट (तक्रारीचं कारण आणि उपाय लिहिलेला अहवाल) रोज वाचा. मग पाच ओळींची मेल स्वतः लिहा: काय झालं, का झालं, आज काय केलं, कायमचं काय करणार, कधीपर्यंत. मीटिंगमध्ये हिंदीत बोला, मराठीत बोला, पण आकडा घेऊन बोला. '7 तारखेला 400 पार्ट अडवले, पंचाची धार गेली होती, आता 60 हजार स्ट्रोकला ग्राइंडिंग लावलंय' असं म्हणालात तर कोणत्या भाषेत म्हणालात हे कोणी बघत नाही. आणि त्या तरुण इंजिनिअरवर राग धरू नका. त्याला कस्टमरच्या फाइली येतात, तुम्हाला डाय येते. त्याला चहाला बोलवा आणि पी.पी.ए.पी.ची, म्हणजे कस्टमरकडून पार्ट मंजूर करून घ्यायची, फाइल कशी लावतात ते शिकवायला सांगा. बदल्यात पुढच्या ट्रायआउटला, म्हणजे डायच्या चाचणीला, त्याला प्रेसशेजारी उभं करा. माझा अंदाज आहे, तोही मीटिंगमध्ये वाटतो तितका निर्धास्त नसेल.

आता तुमची खरी भीती. हात जाईल.

हो, थोडा जाईल. रोज ब्ल्यू लावून मॅचिंग करणाऱ्या हाताची सफाई आठवड्यातून एकदा करणाऱ्याकडे राहत नाही. हे लपवण्यात अर्थ नाही. पण कान आणि डोळा जात नाही. कोणती डाय रोज त्रास देणार हे तुम्हाला ड्रॉइंग बघूनच कळेल, वीस वर्षांनीही कळेल. प्लांट हेडला नेमकं तेच लागतं. मुळात आज टूलरूम तुमच्यावर किती अवलंबून आहे ते बघा. रात्री दोन वाजता डाय फुटली की फोन तुम्हालाच येतो ना? त्यात मान आहे, ते सुख मला कळतं. पण जोवर तो फोन तुम्हालाच येतो तोवर मालक तुम्हाला टूलरूममधून हलवायचं धाडस करणार नाहीत. कारण तुम्ही हललात तर चाकणचं काम थांबेल.

तुमच्या 22 जणांमध्ये दोघं असे असतील ज्यांचा हात चांगला आहे. त्यांना निवडा. पुढच्या ब्रेकडाउनला तुम्ही स्ट्रिपरला हात लावायचा नाही. शेजारी उभं राहायचं आणि विचारायचं: काय दिसतंय? कुठे घासलंय? आधी काय तपासशील? त्याला तुमच्यापेक्षा दुप्पट वेळ लागेल, डिस्पॅचवाला येऊन डोळे वटारेल. लागू दे. क्लिअरन्स (पंच आणि डायमधली फट) चुकला तर ग्राइंडिंग परत करावं लागेल, तो खर्च तुमच्या नव्या हिशेबाच्या वहीत 'शिकवण्याचा खर्च' म्हणून लिहा आणि मालकांना दाखवा. सहा महिन्यांनी रात्रीचा फोन त्या मुलाकडे जाऊ लागला की तुम्ही मोकळे झालात असं समजा. ज्याने स्वतःच्या जागी माणूस तयार केला त्याला वरची जागा देताना कोणाचा हात थरथरत नाही, हे मी बढत्या ठरवताना पुन्हा पुन्हा बघितलं आहे.

एका गोष्टीवर मात्र मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, आणि तुमच्या पत्रात तिचा उल्लेखच नाही. प्रेस शॉपमध्ये बोटं जातात. तुम्ही ते बघितलं असणार. कंत्राटावरचा नवा मुलगा, दोन्ही हातांनी बटण दाबायची सोय आहे, पण एक बटण कोणीतरी पट्टी लावून कायमचं दाबून ठेवलेलं, कारण त्याने मिनिटाला चार पार्ट जास्त निघतात. किंवा हात आत गेला की प्रेस थांबवणारा लाइट कर्टन सारखा ट्रिप होतो म्हणून बायपास केलेला. इन्चार्ज असताना तुम्ही म्हणू शकता, ते प्रॉडक्शनचं आहे. प्लांट हेड झाल्यावर म्हणता येणार नाही. कारखान्याच्या कायद्याने 1948 पासून 'मॅनेजर' म्हणून एका माणसाचं नाव सरकारदरबारी द्यावं लागत आलं आहे, आणि अपघात झाला की पहिल्यांदा त्या नावाची चौकशी होते. शिरवळला ते नाव तुमचं असू शकतं. हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. उलट, या जागेवर डाय मेकर बसावा असं मला वाटतं ते याचसाठी. पार्ट आत ठेवायला हात डायमध्ये घालावाच लागू नये असं टूल करणं शक्य असतं: स्लाइडने आत ढकलणं, फीडर, मॅग्नेटची काठी, पार्ट हवेने बाहेर उडवणं. ते कुठे शक्य आहे आणि कुठे नाही, हे एम.बी.ए.पेक्षा तुम्हाला जास्त कळतं. महिनाअखेर आहे, कस्टमरची लाइन थांबायला आली आहे, आणि एका प्रेसचा गार्ड मोडलाय. तेव्हा ती प्रेस बंद ठेवा म्हणणारा माणूस त्या खुर्चीत हवा. ते म्हणायची तयारी असेल तरच शिरवळला हो म्हणा.

आता मालकांशी बोलायचं कसं. घरच्या कंपनीत वरच्या काही खुर्च्या घरच्यांसाठीच असतात. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, पण ते माहीत असू द्या. प्लांट हेड व्हाल, कदाचित सगळ्या ऑपरेशन्सचे प्रमुख व्हाल. त्यापुढे मालकी असते. तुमच्या हातात काय असणार हे विचारायला लाजू नका: किती रुपयांपर्यंतची खरेदी मी मंजूर करू शकतो? माणसं मी नेमणार की चाकणहून येणार? कस्टमरशी दराची बोलणी होतील तेव्हा मी खोलीत असेन का? आणि युनिटचा महिन्याचा नफातोटा मला दिसणार का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' किंवा 'बघू' असं आलं, तर ते पद मोठ्या सुपरवायझरचं आहे, मग पाटीवर काहीही लिहू देत. तसं असेल तर पगार त्या मानाने मागा आणि स्वप्नं त्या मानाने ठेवा. उत्तर 'हो' आलं, तर तुम्हाला चांगला मालक मिळाला आहे. पगार, पद आणि चाकणला परत यायची सोय, तीनही गोष्टी पत्रावर घ्या. नवं युनिट पहिल्या वर्षी तोट्यात असतं, तो तोटा तुमच्या नावावर लागणार नाही हेही बोलून घ्या.

राहिली घरची गोष्ट. तुमच्या पत्नी 'डोक्याला ताप' म्हणतात त्यात मला नुसता विरोध दिसत नाही. गेली पंधरा वर्षं रात्रीचे फोन त्यांनीही ऐकले आहेत. शिरवळला राहायला जायचं की तुम्ही एकट्याने जाऊन-येऊन करायचं, मुलांची शाळा, डिप्लोमाचे वर्ग असतील त्या संध्याकाळी घर कोण बघणार, हे सगळं त्यांच्याच अंगावर येणार आहे. त्यांना 'होऊन जाईल' असं सांगू नका. मालकांना विचारायचे ते चार प्रश्न आधी त्यांच्यासमोर वाचा आणि पाचवा त्यांना घालू द्या. मग मालकांकडे जा. विचार करून सांगा म्हणाले त्याला महिना झालाय, तेव्हा या आठवड्यातच जाऊन एक लाइन मागून घ्या.